मायनरला समाजकार्य? घेऊ द्या!

पालकहो, पदवीच्या प्रवेशाच्या वेळी मेजर विषय तुम्ही चार जणांना विचारून ठरवता. मायनरपाशी, म्हणजे दुय्यम विषयापाशी, आलं की मात्र ‘घे काहीतरी सोपं’ म्हणून मोकळे होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं दिलेली ही सोय अशी वाया घालवू नका. मुलगी म्हणाली, ‘अर्थशास्त्राबरोबर समाजकार्य घेते,’ तर तिला घेऊ द्या.

‘त्यात शिकायचं काय? मदत काय, कुणीही करतं,’ असं मी पालकांकडून नेहमी ऐकते. वर्गात एखाद्या योजनेची माहिती अर्ध्या तासात सांगून होते. पण संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी एखाद्या आजींबरोबर तहसील कचेरीत गेलं, की उत्पन्नाचा दाखला कुठे अडतो ते दिसतं. आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं; झिजलेला अंगठा यंत्र घेत नाही. अशा वेळी आजींच्या हातातला कागद ओढून भराभरा भरायचा नसतो. त्यांना विचारत, वाचून दाखवत भरायचा असतो. एवढं अंगवळणी पडायला अख्खं सत्र जातं. पुढे बँकेत जा, शाळेत जा, ही सवय कामी येतेच.

आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण 1936 मध्ये मुंबईत नागपाड्याला सुरू झालं. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. संकटातल्या मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन 1996 मध्ये तिथल्याच एका क्षेत्रीय प्रकल्पातून उभी राहिली.

एक मात्र स्पष्ट सांगते. नुसत्या मायनरवर समाजकार्यकर्त्याची नोकरी मिळेल असं धरून चालू नका. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक व्हायचं तर पुढे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करावीच लागेल. आणि कॉलेज निवडताना खोदून विचारा: फील्डवर्क खरोखर होतं की नुसतं कागदावर? मुलांबरोबर कोण जातं? मुलांची फील्डवर्कची डायरी कोण वाचतं? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं कॉलेज बघा.

कधी मुलगी फील्डवर्कच्या वस्तीतून गप्प होऊन घरी येईल, जेवणार नाही. लगेच ‘सोड तो विषय’ म्हणू नका. तिला बोलू द्या. नावं मात्र विचारू नका. त्या माणसांची गोष्ट गुप्त ठेवायला ती शिकतेय. फारच अस्वस्थ वाटली, तर तिच्या फील्डवर्कच्या शिक्षकांना फोन करा.