शेगडी, कुकर आणि ऑपरेटिंग सिस्टिम

संगणकशास्त्रातील ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय बहुतेक विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतो. परीक्षेत व्याख्या विचारतात, मुलाखतीत पुन्हा त्याच. म्हणून मुले व्याख्याच पाठ करतात. हैदराबादेत दिलसुखनगर येथे मी सहा महिने एका संगणक वर्गास जात होतो. वसतिगृहे व शिकवणी वर्ग यांनी गजबजलेला तो भाग. उदगीर-बीदरकडील आम्ही पाच जण एका खोलीत राहत असू. एका बर्नरची शेगडी, एक कुकर. या विषयाच्या मूळ कल्पना सांगण्यास त्या खोलीहून चांगले उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही.

प्रथम प्रोसेसर घेऊ. तो म्हणजे आमची शेगडी. प्रोसेसरचा एक गाभा साधारणतः एका क्षणी एकाच प्रोग्रॅमचे काम करतो. तरीही गाणे वाजत असते आणि मजकूरही टाइप होत असतो, कारण ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येकास काही मिलिसेकंदांची पाळी देऊन पुढच्याकडे वळते. एकाचे पातेले उतरवून दुसऱ्याचे चढवावे, तसेच हे. मात्र या उतरवण्या-चढवण्यात कोणाचेच काही शिजत नाही. पाळी फार लहान ठेवली तर वेळ अदलाबदलीतच जातो. फार मोठी ठेवली तर रांगेतला शेवटचा ताटकळतो. हा मेळ घालणारा तो शेड्युलर.

शेगडी मधूनच काढून घेता येते. कुकर घेता येत नाही, आत कोणाचा तरी अर्धा कच्चा भात असतो! अशा वस्तूला प्रोग्रॅम कुलूप लावतो. काम संपेपर्यंत दुसऱ्याने हात लावावयाचा नाही. खरे घोटाळे येथे सुरू होतात. एकदा एकाने कुकर धरला आणि दुसऱ्याने त्याची शिट्टी. दोघांनाही दोन्ही हवे, सोडावयास कोणीच तयार नाही. हाच डेडलॉक. १९७१ साली कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी त्याच्या चार अटी मांडल्या. त्यांतील एक मोडली तरी तो टळतो. आधी कुकर, मगच शिट्टी, असा क्रम सर्वांनी पाळला की एकमेकांची वाट पाहण्याचे वर्तुळच तुटते.

अग्रक्रमाचा घोटाळा याहून फसवा आहे. समजा, सर्वांत घाईच्या मुलास कुकर हवा आहे. तो सर्वांत धाकट्याकडे अडकला आहे. धाकट्यास शेगडी मिळाली तर भात होईल. पण मधल्या मुलांचा मान त्याच्याहून मोठा, म्हणून त्यांचे चहावर चहा चालले आहेत. त्यांना कुकरशी काही कर्तव्य नाही, तरी घाईचा मुलगा उपाशी तो उपाशीच.

४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात नेमके हेच घडले. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कनिष्ठ कामाकडे कुलूप होते, मधली कामे प्रोसेसर अडवीत होती, आणि अधिक महत्त्वाचे काम खोळंबल्यामुळे यानाचा संगणक पुनःपुन्हा आपोआप नव्याने सुरू होत होता. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर तोच बिघाड घडवून कारण शोधले. उपाय असा, की कुलूप धरणाऱ्यास तेवढ्यापुरता वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम द्यावा. ही सोय यानातील व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासूनच होती, फक्त त्या कुलुपापुरती बंद होती. पृथ्वीवरून संदेश पाठवून ती चालू करण्यात आली.