अभिप्राय मागणाऱ्या मित्राविषयी

दुर्गाघाट, वाराणसी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मित्राने काशीत काढलेल्या छायाचित्रांवर तू लिहिलेले शेरे, त्यास धाडण्यापूर्वी, मजकडे नजरेखालून घालावयास पाठविलेस हे उत्तम केलेस. कारण हौसेने नुकताच कॅमेरा हाती घेतलेला कोणीही गृहस्थ ते वाचून एकतर कॅमेरा विकावयास काढील, नाहीतर तुझ्याशी बोलणे सोडील, आणि यांपैकी काहीही घडले तरी त्याची छायाचित्रे सुधारणार नाहीत.

सिंधिया घाटावरील रत्नेश्वर महादेवाच्या छायाचित्राखाली 'कॅमेरा वाकडा धरला आहे' असे तू लिहितोस. अरे, ते मंदिरच कललेले आहे! पायथ्याशी असलेल्या पाण्याची रेषा पाहिली असतीस, तर ती सरळ आडवी असल्याचे ध्यानात येऊन हा शेरा तुझ्या लेखणीतून उतरलाच नसता. कैफियत ऐकल्यावाचून फैसला देऊ नये, हा दफ्तरातला जुना शिरस्ता येथेही पाळावा. म्हणजे 'या ठिकाणी तू का थांबलास, काय टिपावे असे तुझ्या मनात होते?' एवढे मित्रास आधी विचारावे, आणि जे त्याच्या मनात होते पण चित्रात उतरले नाही, तेवढ्यापुरतेच बोलावे. त्याच्या जागी तू असतास तर कोणते चित्र काढले असतेस, हा प्रश्न अगदी निराळा असून त्याचे उत्तर त्याने मागितलेले नाही.

'चेहरा काळा पडला आहे' हा नावाड्याच्या छायाचित्रावरचा तुझा शेरा मात्र खरा आहे. पण खरा असूनही तो निरुपयोगी आहे, कारण काळा पडल्याचे मित्रालाही दिसतेच, तो का पडला एवढेच त्यास कळत नाही. येथे गंगा उत्तरवाहिनी असून घाट सारे पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. पलीकडे वाळूचे मोकळे पात्र असल्याने सकाळचे ऊन आडव्याने थेट पायऱ्यांवर येते. अशा वेळी घाटावर उभे राहून नदीकडे कॅमेरा रोखला, की सूर्य नावाड्याच्या पाठीशी जातो आणि चेहरा अंधारतो. तेव्हा त्याने स्वतः नावेत बसून घाटाकडे वळावे, किंवा जागा बदलणे नको असेल तर उजेडाचे माप आकाशावरून न घेता चेहऱ्यावरून घ्यावे, असे लिहिलेस तर तो दुसऱ्याच दिवशी पहाटे त्याचा प्रयोग करून पाहील. उलट दुपार कलल्यावर घाटावरच्या उंच वाड्यांची छाया पायऱ्यांवर पसरते. त्या वेळची त्याची चित्रे निस्तेज आली आहेत, त्यांना वेळ जबाबदार आहे, त्याचा हात नव्हे, हेही त्यास स्पष्ट सांग. दशाश्वमेधावरील आरतीची चित्रे हलली आहेत. तेथे कोपर कठड्याला टेकवावे, एवढी सूचना पुरे.

नेमक्या आक्षेपाचे सामर्थ्य किती असते, याचा एक दाखला काशीच्याच निमित्ताने घडला आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या 'अपराजितो'मधील हरिहराच्या काशीतील घराचे अंगण, पावसाळ्याच्या भीतीने, कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावयाचे ठरले, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी हरकत घेतली. पण 'हे कृत्रिम दिसेल' एवढ्यावर न थांबता, खऱ्या अंगणात वरच्या आकाशातून उतरणारा मऊ, सावली न पाडणारा उजेड स्टुडिओतील दिव्यांनी साधणार नाही, असे त्यांनी कारणासह सांगितले. हरकत मान्य झाली नाही. तथापि दोष कोठे आहे हे त्यांना नेमके ठाऊक असल्यामुळे उपायही त्यांनाच सुचला, आणि अंगणावर आकाशाच्या जागी पांढरे कापड ताणून, दिव्यांचा झोत खालून त्यावर टाकून, तेथून परतणाऱ्या उजेडात त्यांनी ते घर चित्रित केले. 'जमले नाही' म्हणून जर ते गप्प बसते, तर ही युक्ती कोणाला सुचली असती?

स्तुतीलाही हाच नियम लागू आहे. 'छान' या शब्दाने मित्र सुखावेल, पण काय जपावे हे त्यास कळणार नाही. ब्रह्माघाटाच्या गल्लीत दारात बसलेल्या म्हातारीचे चित्र मला मनापासून आवडले. त्यात पाठीमागच्या भिंतीवरची उन्हाची तिरीप बरोबर तिच्या हातावर आली आहे, हे त्यास शब्दशः लिही. रघुवीर सिंहांचे १९८७ साली निघालेले काशीच्या रंगीत छायाचित्रांचे पुस्तक त्यास जरूर पाहावयास दे. परंतु तुलनेने त्यास खजील करण्यासाठी देणार असशील, तर देऊ नकोस.

मणिकर्णिकेवरील जळत्या चितांची दोन छायाचित्रे मात्र या साऱ्या सौजन्यातून वगळावीत. त्यांची मांडणी बरी की वाईट, याची चर्चा करूच नकोस. शोकात असलेल्या माणसांच्या संमतीवाचून घेतलेली ती चित्रे त्याने नष्ट करावीत, असे माझ्या नावाने व निःसंदिग्ध शब्दांत त्यास कळव.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका