काळा आजार

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आसाम व बंगाल प्रांतांत एक विलक्षण ताप येत असे. तो महिनोन् महिने हटत नसे. रोग्याचे हातपाय काड्यांसारखे होत. पोट मात्र वाढत जाई, कारण पोटात डाव्या बाजूस असलेली प्लीहा सुजे. पुष्कळांची त्वचा काळवंडे, म्हणून लोक त्यास ‘काला आजार’ म्हणू लागले. ह्या नावाचा अर्थ मराठी मुलांना सांगावयास नकोच! डॉक्टर त्यास हिवताप समजून कोयनेल देत. पण हा ताप कोयनेलास दाद देत नसे. उपचाराविना शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रोगी दगावत.

1903 साली लिशमन व डोनोव्हन ह्या डॉक्टरांनी खरा शत्रू दाखवून दिला. रोग्याच्या प्लीहेत सुई घालून काढलेला रस काचपट्टीवर पसरावयाचा, रंगवावयाचा व सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहावयाचा. त्यात इवलेसे अंडाकृती एकपेशी जीव दिसत. प्रत्येकाच्या पोटात दोन ठिपके, एक मोठा व एक बारीक. ते दिसले की निदान पक्के! मात्र प्लीहेतून रक्तस्राव होण्याचे भय असे. त्यामुळे सुई घालणाऱ्याचा हात कसलेला असावा लागे.

रोग कळला, पण औषध कोठे होते? अँटिमनीचा एक क्षार शिरेतून टोचीत. तो बराच काळ द्यावा लागे व कित्येकांना सोसत नसे. कलकत्त्याच्या कँबेल इस्पितळात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी अधिक चांगल्या औषधाच्या शोधात होते. त्यांच्या लहानशा खोलीत ना विजेचा दिवा, ना पाण्याचा नळ. दिवसभर खपल्यावर एका रात्री दहाच्या सुमारास, धुरकट कंदिलाच्या उजेडात, त्यांना आपला प्रयोग साधल्याचे दिसले. 1920 साली सिद्ध झालेल्या ह्या औषधाचे नाव ‘युरिया स्टिबामाइन’. त्याने काही आठवड्यांतच रोगी बरे होऊ लागले आणि हजारोंचे प्राण वाचले.

हे जीव वाळूमाशीच्या दंशाने माणसाच्या शरीरात शिरतात, हे 1942 साली सिद्ध झाले. कालांतराने अँटिमनीची औषधे काही भागांत निकामी ठरू लागली. बिहारमध्ये तर ती पुष्कळ रोग्यांस लागू पडेनात, तेव्हा नवी औषधे शोधावी लागली. आता बोटातून काढलेला रक्ताचा थेंब एका चाचणीपट्टीवर टाकतात. काही मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते. मग अँफोटेरिसिन नावाच्या औषधाची एकच मात्रा शिरेवाटे देतात. प्लीहेत सुई घालण्याची वेळ आता क्वचितच येते.