वेतनजप्तीची धमकी आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

उधारीवाचून व्यापार नाही आणि वसुलीवाचून उधारी नाही, हे आपणां व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. परंतु वसुली कोठे संपते आणि जुलूम कोठे सुरू होतो, ही सीमारेषा आपल्यापैकी पुष्कळांस स्पष्ट नसते. बरकतपुरा, काचीगुडा या भागांतील आपल्या पेढ्यांवर काम करणाऱ्या मुनीम-गुमास्त्यांपैकी एखाद्याने बँकेचे, खाजगी वित्तसंस्थेचे किंवा मोबाइलवरून मिळणारे कर्ज घेतलेले असते. हप्ते थकतात आणि एके दिवशी वसुलीदार दुकानाच्या दूरध्वनीवर मालकासच बजावतो की, ‘तुमच्या नोकराचा पगार आम्ही जप्त करीत आहोत, त्यास पैसे देऊ नका.’ मालक घाबरून पगार रोखतो, किंवा ‘कटकट नको’ म्हणून नोकरास घरी पाठवितो. या दोन्ही गोष्टी अनुचित आहेत. त्या का, हे येथे क्रमाने पाहू.

जप्तीचा अधिकार कोणाचा?

सामान्य कर्जासाठी वेतन जप्त करण्याचा अधिकार केवळ न्यायालयास आहे. सावकाराने प्रथम दावा लावावा, हुकूमनामा मिळवावा, नंतर दरखास्त दाखल करावी. तेव्हा कोठे न्यायालय मालकास जप्तीचा आदेश पाठविते. कर्जाच्या करारात लवादाची अट असून लवादाने निवाडा दिला, तरी त्याची बजावणी न्यायालयामार्फतच व्हावी लागते. वसुलीदाराचा दूरध्वनी, वकिलाची नोटीस किंवा लाल शाईत छापलेले पत्र म्हणजे जप्ती नव्हे. १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने आणि पुढे २०१९ च्या वेतन संहितेने पगारातून कोणत्या रकमा कापता येतात हे ठरवून दिले. न्यायालयाच्या आदेशाने होणारी कपात त्यांत आहे. सहकारी पतसंस्थेच्या हप्त्यासाठी नोकराने दिलेल्या लेखी संमतीलाही त्यांत स्थान आहे. परक्याच्या तोंडी निरोपाला तेथे स्थान नाही.

किती वेतन जप्त होते?

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० प्रत्येक पेढीने वाचून ठेवण्याजोगे आहे. त्यानुसार वेतनातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून मुक्त आहे. उदाहरणार्थ, जप्तीस पात्र वेतन १६,००० रुपये असेल, तर पहिले १,००० वगळून १५,००० उरतात. त्यांपैकी फार तर ५,००० जप्त होऊ शकतात आणि ११,००० नोकराच्या हाती पडलेच पाहिजेत. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण २४ महिने चालली की त्या हुकूमनाम्यापुरते वेतन कायमचे मुक्त होते. मजूर व घरगडी यांची मजुरी तर मुळीच जप्त होत नाही. पत्नी-मुलांच्या पोटगीचा हुकूमनामा मात्र निराळा. तेथे वेतनाचा केवळ एक-तृतीयांश भाग मुक्त राहतो.

बरकतपुरा चमनजवळील भविष्यनिर्वाह निधीचे कार्यालय आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘तुझा फंडही उचलून नेऊ’ अशी धमकी देणाऱ्यास हे ठाऊक नसते की, सभासदाच्या कर्जापोटी त्या निधीवर जप्ती येऊ नये, अशी तरतूद १९५२ च्या मूळ कायद्यातच करण्यात आली होती.

हे संरक्षण कसे आले?

हे संरक्षण सहजासहजी मिळालेले नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजर सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांविषयीचा कायदा आला आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास कैद करणे बंद झाले. पुढे व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूरविषयक शाही आयोगाने १९३१ मध्ये कामगारांचे वेतन जप्तीतून सोडविण्याची आणि वसुलीसाठी कारखान्याला वेढा घालून बसणे हा गुन्हा ठरविण्याची शिफारस केली. १९३७ मध्ये संहितेत दुरुस्ती होऊन पहिले १०० रुपये व उरलेल्याचा निम्मा भाग मुक्त झाला. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखात ही संहिता १ एप्रिल १९५१ पासून लागू झाली. तरीही जुलूम संपला नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये याच शहरात पोलिसांना मोबाइल-कर्जांच्या वसुली केंद्रांवर छापे घालावे लागले.

मालकाने काय करावे?

प्रथम, कागद मागावा. न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक, शिक्का व सही पाहावी. शंका असल्यास वकिलामार्फत त्या न्यायालयात खात्री करून घ्यावी. द्वितीय, आदेश खरा असेल तर तो तंतोतंत पाळावा. रक्कम कापून न्यायालयातच भरावी, वसुलीदाराच्या हाती देऊ नये. आदेश डावलून नोकरास पूर्ण पगार दिल्यास ती रक्कम मालकावर येते, हे विसरू नये. तृतीय, आदेश नसेल तर पगार ठरल्या दिवशी द्यावा आणि नोकराची माहिती परक्यास देऊ नये.

नोकरासही चार शब्द सांगावे. खरे देणे नाकारू नये. परंतु न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये, कारण मुदतीत दिलेल्या लेखी कबुलीने दाव्याची मुदत पुन्हा सुरू होते. न्यायालयाचे समन्स आल्यास हजर राहावे. घरी बसल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या नियंत्रणाखालील संस्थांस बजावले की, वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, शिवीगाळ करू नये, नातलगांस व मित्रांस त्रास देऊ नये. याविरुद्ध प्रथम त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तुरुंगाच्या धमकीने खचू नये. केवळ देण्याची ऐपत नाही म्हणून ऋणकोस कैदेत टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे.

श्रावकाची कसोटी

आपण केवळ मालक नाही, धनकोही आहोत. म्हणून हा विचार उलट बाजूनेही केला पाहिजे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण व अन्नपाननिरोध हे दोन आहेत. आश्रितावर पेलवणार नाही इतका भार घालणे आणि त्याचे अन्न अडविणे, हा त्यांचा अर्थ. बेकायदा रोखलेला पगार हा अन्नपाननिरोध नव्हे काय? सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, व रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याचे गुपित उघड करणे, यांची गणना आहे. न्यायालयाच्या नोटिशीसारखा बनावट कागद धाडणारा पहिला दोष करतो. ऋणकोचे देणे चारचौघांत पुकारणारा दुसरा. आपल्या उधारीच्या वसुलीसाठी आपण ज्यास नेमतो, त्याच्या तोंडचा प्रत्येक शब्द आपल्या पेढीच्या नावे जमा होतो.

देणे बुडविणे हा अधर्म, तसाच देणेकऱ्याचा घास काढून घेणे हाही अधर्म. हप्ते वाढवून द्यावेत, लोकअदालतीत तडजोड करावी, आणि ते न साधल्यास उघडपणे दावा लावावा. ज्या पेढीवर नोकराचा पगार सुरक्षित आणि ऋणकोची अब्रूही सुरक्षित, तिची पत बाजारात निराळी सांगावी लागत नाही.