शाहीर पठ्ठे बापूराव

कराडला कृष्णा व कोयना यांचा संगम होतो. तेथून कृष्णेच्या काठाने खाली गेले म्हणजे रेठरे हरणाक्ष हे गाव लागते. याच गावी 1866 साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. गावचे दप्तर सांभाळून त्यांना सुखाने दिवस काढता आले असते. परंतु त्यांचे मन ढोलकी-तुणतुण्यात गुंतले होते.

तमाशाचे फड त्या काळी बहुधा महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतील कलावंतांचे असत. ब्राह्मणाच्या मुलाने त्यांच्यात जाऊन राहणे म्हणजे जातीस मुकणेच! श्रीधरांनी तेही पत्करले आणि ते ‘पठ्ठे बापूराव’ झाले. गण, गौळण, लावणी, वग, सारे काही त्यांनी रचले. पुढे नर्तिका पवळा त्यांच्या फडात आली, तेव्हा मुंबईतही त्यांच्या खेळांस गर्दी लोटू लागली.

त्याच सुमारास दूर अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकांचे ‘रॅगटाइम’ नावाचे ठेकेदार संगीत गाजत होते. 1899 साली स्कॉट जॉप्लिन यांची ‘मेपल लीफ रॅग’ ही रचना प्रसिद्ध झाली. जॉप्लिन यांचे वडील एके काळी गुलाम होते. तेथील कित्येक प्रतिष्ठित लोक या संगीतास हलके म्हणत. घरोघरच्या पियानोवर मात्र तेच वाजे!

बापूरावांना कीर्ती मिळाली, पण पैसा टिकला नाही. पवळाही फड सोडून गेली. 1945 साली पुण्यात विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. अवघ्या पाच वर्षांनी त्यांच्या जीवनावर बोलपट निघाला.