यदुराजाचा प्रश्न आणि आपली माती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, चोवीस गुरूंची कथा आपण सगळे जाणतो. पण तिची सुरुवात एका प्रश्नापासून होते, हे सहसा लक्षात राहत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत भेटतो. जवळ काही नाही, तरी मुद्रा आनंदी. हा आनंद आला कुठून, असं राजा नम्रपणे विचारतो. त्याने विचारलंच नसतं, तर अवधूत बोलला नसता. नाथ महाराजांनी याच स्कंधावर टीका लिहून १५७३ साली काशीत पूर्ण केली.

आता ते गुरू पाहा. पृथ्वी, वारा, कबूतर, अजगर, कोळी, बाण करणारा कारागीर. यांपैकी एकानेही शिकवणी घेतली नाही. धान्य कांडताना वाजतात म्हणून बांगड्या उतरवून हातात एकेकच ठेवणारी मुलगी कुणालाही दिसली असती; त्यातून एकांताचा धडा अवधूताने घेतला. म्हणजे गुरू समोर असतोच, विचारणारा हवा.

आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटतं. संध्याकाळी जमा-नावे जुळलं नाही, की फरक पाच पैशांचा असला तरी 'का?' म्हणत एकेक नोंद तपासायची. कारण छोट्या फरकामागे मोठी चूक दडलेली असू शकते.

चोवीसांत पहिला मान पृथ्वीचा. तिच्याकडून अवधूत क्षमा शिकला. आम्हा दासगावकरांनी तिचं दुसरं रूपही पाहिलंय. जुलै २००५ च्या पावसात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. जुलै २०२१ मध्ये तळीये गावावर. माती पुष्कळदा आधी खुणा दाखवते: उतारावर नवी भेग, कललेला खांब, भिंतीला ताजा तडा, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं. दर वेळी खूण दिसेलच असं नाही. पण दिसली, तर "पावसाळ्यात असं व्हायचंच" म्हणून सोडू नये. नातवंडाने विचारलं, "आजोबा, ही भेग काल नव्हती ना?" तर त्याला गप्प करू नका. सरपंच-तलाठ्यांना कळवा, आणि पाऊस जोराचा असेल तर आधी माणसं हलवा.

या दत्तजयंतीला मुलांकडून चोवीस नावं पाठ करून घेऊच. सोबत एवढंही विचारूया: "बाळा, पंचविसावा गुरू तुला कुठे दिसला?"

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥