दावोसला बिऱ्हाड करायचं तर

दावोस म्हटलं की आपल्याला जानेवारीतले फोटो आठवतात: गरम कोटातले मुख्यमंत्री, मागे बर्फ, हातात गुंतवणुकीचे करार. हे फोटो ज्या परिषदेच्या आठवड्यातले, त्याच आठवड्यापायी आम्हाला तिथलं घर रिकामं करावं लागलं होतं. तिथे वर्ष-दोन वर्षं राहायला जाणाऱ्यांनी म्हणूनच हे वाचून ठेवावं.

नवऱ्याला तिथे संशोधनाचं काम मिळालं आणि आम्ही नोव्हेंबरात पोचलो. लँडक्वार्टला गाडी बदलली की पुढचा लाल गाडीचा प्रवास देखणा आहे, पण वर गाव जवळजवळ बंद. उन्हाळी पर्यटक गेलेले, स्कीवाले अजून यायचेत. बरीचशी हॉटेलं आणि खानावळी कुलूपबंद. हिवाळा सरला की वसंतातही हेच. त्यामुळे ‘आधी हॉटेलात उतरू, मग निवांत घर शोधू’ हा आपला नेहमीचा बेत तिथे फसतो.

घर मिळालं, सामानसुमानासकट. करार जर्मनमध्ये. त्यातलं एक कलम एजंटने ‘इथलं नेहमीचंच’ म्हणून उडवून लावलं. ते असं, की वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या दिवसांत भाडेकरूने घर सोडायचं. त्या आठवड्यात एकेका खोलीला अवाच्या सवा भाडं मिळतं, मग मालक कशाला सोडतील? आम्ही कपडे-भांडी तळघरात रचली आणि झुरिकजवळ ओळखीच्यांकडे पाहुणे म्हणून गेलो. शेजाऱ्यांना यात काही वावगं वाटलं नाही. त्या महिन्याचं भाडं मात्र पूर्ण घेतलं, याचा मला अजून राग आहे.

तेव्हा भाडं किती हे विचारण्याआधी घर कधीपासून कधीपर्यंत मिळणार ते विचारा. पुष्कळ घरं फक्त हिवाळी हंगामापुरती देतात. तुम्हाला बारमाही करार हवा. जानेवारीचं कलम असेलच तर तेवढे दिवस भाड्यातून वजा करून मागा, आणि तेही कागदावर. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते आणि ती तुमच्या नावाच्या बँक खात्यात राहते. कुणी रोख मागितली तर सरळ उठून या.

पोचल्यापासून 14 दिवसांत, आणि कामावर रुजू होण्याआधी, नगरपालिकेत नोंदणी करावी लागते. तिथे भाडेकराराची प्रत लागते, म्हणजे पुन्हा घरच आधी. आरोग्य विम्याला तीन महिन्यांची मुदत असते, पण हप्ते आल्या दिवसापासूनचे भरावे लागतात. थांबून पैसे वाचत नाहीत.

नोकरी करणाऱ्याबरोबर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. आठवड्याला आठ तास किंवा जास्त नोकरी करणाऱ्याला अपघाताचा विमा मालकाकडून मिळतो, अगदी सुट्टीत स्की करताना पडला तरी. घरी असलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला तो लागू नाही. आपल्या आरोग्य विम्यात अपघाताची सोय मुद्दाम घालून घ्यावी लागते. डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणलं तर आरोग्य विमा निम्माच खर्च देतो, तोही वर्षाला 5000 फ्रँकपर्यंत. म्हणून तिथले लोक ‘रेगा’ या हवाई बचाव संस्थेची वार्षिक वर्गणी भरतात. तुम्हीही भरा. स्की आणि बूट विकत घेऊ नका. हंगामभरासाठी भाड्याने मिळतात, आणि पहिल्या हिवाळ्यात हौस किती टिकेल कुणी सांगावं!

कुकर मात्र इथूनच न्या. गाव 1560 मीटरवर, तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यातली तूरडाळ संध्याकाळपर्यंत दाद देत नाही. पण स्टीलचाच घ्या, जाड बुडाचा. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर नुसता बसून राहतो.